बाटली संपली नव्हती, सर

सर, काल तुमच्या शोकसभेत लोक हसले.

सुरुवातीला नाही. सुरुवातीला तुमच्या फोटोला हार घातला, उदबत्त्या लावल्या, प्राचार्य बोलले. वनस्पतिशास्त्र मराठीत आणण्यासाठी झिजलेला माणूस, असं म्हणाले, आणि ते खरंच होतं म्हणून मीही मान डोलावली. मग तुमचा एक जुना विद्यार्थी उठला. आता बँकेत असतो, अंगाने सुटलाय. "सरांची विनोदबुद्धी काय सांगावी!" म्हणाला, आणि दादरच्या त्या व्याख्यानाचा किस्सा त्याने सुरू केला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, हुबेहूब तुमच्या आवाजात तुमचं ते वाक्य म्हणून दाखवलं. सगळा हॉल हसला. रडून झालेली माणसं हसतात तसा, मोकळा, बरं वाटून.

मी तिसऱ्या रांगेत होते. ते हसू माझ्यावरचं होतं. हे त्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलेच जास्त हसले.

आई म्हणते, गेलेल्या माणसावर राग धरू नको गो. मी धरलाय. तुम्ही जिवंत असताना धरला होता, तो तुम्ही गेलात म्हणून कुठे ठेवून देऊ? उलट आता वाढलाय. आता तुम्ही उत्तर देणार नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा मी मुलाखतींना कंटाळले होते. परळच्या चाळीतली मुलगी, बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे. अंगाने मी वाढले नाही. धड आणि डोकं चारचौघींसारखं, हातपाय आखूड. लहानपणी बाबांनी एका मोठ्या इस्पितळात नेलं होतं. डॉक्टरांनी हाडांचे फोटो उजेडासमोर धरले आणि सांगितलं, हाडांची घडणच अशी आहे, यावर औषध नाही. बाबा पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, तेव्हा मीच त्यांचा सदरा ओढला आणि घरी चला म्हटलं. चाळीतली पोरं बुटबैंगण म्हणायची. म्हणून म्हणून शेवटी कंटाळली. शिकलेली माणसं कंटाळली नाहीत. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाला तरी प्रत्येक मुलाखतीत कुणीतरी मान तिरकी करून विचारायचंच, "पण बाई, वर्गावर मुलं ऐकतील का तुमचं?"

तुम्ही विचारलंत, "वाटाण्याचा तणावा म्हणजे खोड की पान?"

"पान."

"कशावरून?"

मी सांगितलं. "सोमवारपासून या," म्हणालात, आणि पुढच्या उमेदवाराला आत बोलावलंत.

सोमवारी प्रयोगशाळेत खिडकीजवळचं एक टेबल बाकीच्या टेबलांपेक्षा खाली होतं. पाय खालून कापलेले, कापलेलं लाकूड अजून पांढरं. मी टेबलाशी उभी राहिले तर सूक्ष्मदर्शक नेमका डोळ्याशी आला. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाठ करून काचपट्ट्या पुसत होतात. "पायांना वाळवी लागली होती," म्हणालात. "कापावे लागले."

चारी पायांना सारखीच वाळवी! त्या दिवशी जिना उतरताना मी रडले, सर. तोवर जो तो मला उंच करायला निघाला होता. कुणी लटकायला सांगे, कुणी तेल, कुणी नवस. टेबल खाली आणावं हे कुणाला सुचलं नव्हतं. हे आज तुमचं कौतुक म्हणून सांगत नाही. राग एवढा का आला ते कळावं म्हणून सांगते. दुसऱ्या कुणी ते वाक्य म्हटलं असतं तर मी ते त्याच संध्याकाळी विसरले असते.

मराठी राज्यासाठी झालेल्या गोळीबाराच्या वर्षानंतरची ती थंडी. गिरगाव अजून धुमसत होतं. वाडीवाडीच्या तोंडाशी बातम्यांचे फळे लिहिलेले, भिंती घोषणांनी भरलेल्या. तुम्ही मोर्चांना जायचात आणि अश्रुधुराने सुजलेले डोळे घेऊन दुसऱ्या दिवशी तास घ्यायचात. तुमची दुसरी लढाई वर्गात चालायची. "राज्य मराठीचं मागायचं आणि झाड इंग्रजीत शिकवायचं, हे नाही चालणार," म्हणायचात. एखादा शब्द घडवायचात आणि तो माझ्यावर वाजवून बघायचात. हार्मोनला तुम्ही 'वाढरस' म्हणालात. तो मला फार आवडला. आखूड खोडाच्या जातींना 'खुजा' म्हणालात. तो मला आवडला नाही.

"ठेंगणा म्हणा, सर."

"ठेंगणा लडिवाळ वाटतो गं. शास्त्रातला शब्द टणक हवा."

"खुजा म्हटलं की काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं."

"पडलेलंच असतं ना पण?"

"ते अजून कुठे ठरलंय?"

तुम्ही मान हलवलीत आणि फळ्यावर 'खुजा' असंच लिहिलंत. पोरांपैकी एकदोघांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही पाहिलं नाहीत.

मग ती बाटली आली. विलायतेतल्या तुमच्या जुन्या वर्गमित्राने पाठवलेली. करंगळीएवढी, आत पांढरी भुकटी. तुम्ही ती दोन्ही हातांत धरून आणलीत आणि कोट न काढताच मला तिची गोष्ट सांगायला लागलात. जपानात म्हणे भाताच्या खाचरात काही रोपं एकाएकी इतरांच्या वर डोकं काढतात. फिकट, लांबुडकी होतात आणि आडवी पडतात. लोंबीत दाणा भरत नाही. शेतकरी त्यांना वेडी रोपं म्हणत. शोध घेतला तर ती एका बुरशीची करणी निघाली, आणि त्या बुरशीतून जो रस मिळाला तोच या बाटलीत होता.

"म्हणजे हा आजाराचा रस," मी म्हटलं.

"आजाराचाही आणि वाढीचाही. निरोगी झाडातसुद्धा असंच काहीतरी असणार बघ. बेताचं, हवं तेवढं."

वाटाण्याच्या दोन जाती लावल्या, एक उंच, एक ठेंगणी. भुकटी थोड्या मद्यार्कात विरघळवायची, पाण्यात घालायची आणि रोपाच्या शेंड्यावर थेंब सोडायचा. तुलनेच्या कुंड्यांना भुकटीशिवायचं तसंच पाणी. थोड्याच दिवसांत ठेंगणे वाटाणे असे सुटले की आधाराच्या काड्या बदलाव्या लागल्या. उंच जातीला मात्र फारसा फरक नाही. मी पेरं मोजली. पेरं तेवढीच होती, पानंही तेवढीच. दोन पेरांमधलं कांडं तेवढं ताणलं गेलं होतं. म्हणजे उंच व्हायची सगळी तयारी त्या रोपात आधीपासून होती, रस तेवढा कमी पडत होता. माझ्या हातातली पट्टी घेऊन तुम्ही स्वतः मोजलंत. खात्री पटल्यावर खिडकीतून खालच्या ट्रामकडे बघत मोठ्याने हसलात. मीही हसले. तशी दुपार पुन्हा वाट्याला आली नाही, हे मी नाकारत नाही.

खोटं कशाला बोलू, एकदा शेंड्यावर थेंब सोडताना मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. एवढंच. माझ्या हाडांचे फोटो मला पाठ होते.

मग मी वाल आणला. अलिबागकडच्या माझ्या एका मैत्रिणीच्या शेतात वालाची एक जात होती, जमिनीलगत राहणारी, जाड खोडाची, गर्द पानांची. वर चढायचं नावच घेत नसे. तिला थेंब दिला. काही नाही. रस दुप्पट कडक केला. काही नाही. बाटली बिघडली की काय म्हणून तेच पाणी त्याच दिवशी वाटाण्यावर सोडलं. वाटाणा सुटला. वाल जिथल्या तिथे. फुलला मात्र वेळेवर, आणि शेंगांनी लगडला.

मी हरखून गेले. म्हणजे ठेंगणेपण एकाच कारणाचं नव्हतं! वाटाण्यात रस कमी होता. वालाचं काही निराळंच होतं. कदाचित त्याच्यात रस भरपूर असेल आणि तो त्याला जुमानत नसेल. कदाचित तिसरंच काही. शोधायला केवढं मोठं रान समोर होतं. मी धावत तुम्हांला सांगायला आले आणि तुमचा चेहरा उतरला.

"वालाचं राहू दे आत्ता," म्हणालात.

कारण दादरचं बोलावणं आलं होतं. निवडणुका तोंडावर होत्या, व्याख्यानमाला चालू होती, आणि चळवळीच्या व्यासपीठावर विज्ञानावर मराठीत बोला असं तुम्हांला सांगितलं होतं. तुमचे पाय जमिनीवर नव्हते. त्या दिवशी मी कुंड्या पाटीत भरत होते. तुम्ही आलात आणि वालाच्या कुंड्या उचलून परत खिडकीत ठेवल्यात.

"सर, त्या पण न्यायच्यात."

"नको. लोक गोंधळतील."

"गोंधळू देत. जे झालं ते दाखवायचं ना?"

"अगं कुमुद, हे व्याख्यान आहे, परीक्षा नव्हे. लोकांनी आज एक गोष्ट घेऊन घरी जायचंय. रस मिळाला की खुजं झाड उंच होतं. बस."

"पण ते खरं नाही. काही होतात, काही होत नाहीत."

"ते पुढच्या वेळी सांगू."

"पुढच्या वेळी कोण येणार आहे ऐकायला?"

तुम्ही घड्याळ पाहिलंत. "टॅक्सी उभी आहे," म्हणालात.

दादरचा हॉल खच्चून भरला होता. लालबाग-परळची माणसं पाळी सुटल्यावर तशीच आलेली, केसांत कापसाचे तंतू. पुढच्या रांगांत बायका, मास्तर लोक. मी स्टेजवर, तुमच्या शेजारी, कुंड्यांच्या टेबलाशी. तुम्ही बोललात सुंदर. एकही इंग्रजी शब्द नाही, आणि तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळावं असं. मग दोन वाटाणे दोन हातांत उचलून धरलेत, एक आखूड, एक छातीपर्यंत आलेला.

"हा वाटाणा खुजा नव्हता हो, याला खुजा ठेवला होता! आमची मराठी खुजी नाही. तिला रस मिळू दिला नाही! द्या तिला तिचं राज्य, द्या तिला मुंबई, आणि मग बघा ती कुठे पोचते ती!"

टाळ्या थांबेनात. मीही चाळीतलीच मुलगी, सर. माझ्या अंगावर काटा आला. मागे खिडकीत ठेवलेला वाल क्षणभर मीसुद्धा विसरले.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडला. आवाजात खोडी होती, वैर नव्हतं.

"सर, मग एक थेंब बाईंना पण द्या की!"

हशा झाला. माझे कान तापले, पण असं ऐकायची मला सवय होती. मी तुमच्याकडे पाहिलं. मी घाबरले नव्हते, कारण शेजारी तुम्ही होतात. तुम्ही त्याला गप्प कराल असंही मला नको होतं. नुसतं ऐकलं न ऐकलं करून पुढे बोलला असतात तरी चाललं असतं.

तुम्ही चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतलात. "काय करणार हो," म्हणालात, "बाटली संपली!"

हॉल नुसता फुटला. शिट्ट्या झाल्या, बाकं वाजली. आणि तुम्ही हसलात. ओठांवर आणून हसतात तसं नाही, पोटातून. हसू ओसरल्यावर रुमालाने डोळे टिपलेत आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलात.

मी शेवटपर्यंत तुमच्या हातात कुंड्या देत राहिले. एकही पाडली नाही. कशी नाही पाडली, मला माहीत नाही.

परतताना टॅक्सीत तुम्ही पुढच्या सीटवरून मागे वळून विचारलंत, "रंगलं ना?"

"तुम्ही हसलात, सर."

"अं? अगं, ते होय! सभा हातची जाऊ द्यायची नसते. एखादा विनोद फेकला की लोक पुन्हा आपले होतात."

"फेकायला मीच होते?"

तुम्ही समोर बघायला लागलात. बऱ्याच वेळाने म्हणालात, "तू इतकी शहाणी मुलगी. मनाला लावून घेशील असं वाटलं नाही."

हे वाक्य मला त्या दुसऱ्या वाक्यापेक्षा जास्त लागलं. हॉलमध्ये तुमच्या तोंडून गेलं, असं मी धरलं असतं. जीभ घसरते. टॅक्सीत तुम्हांला विचार करायला दादरपासून परळपर्यंतचा रस्ता होता. एवढ्या रस्त्यात तुम्ही शोधून काढलंत काय, तर चूक माझीच. शहाणी मुलगी म्हणजे जिच्यावर हसलं तरी चालतं ती. लोकांनी कमरेपर्यंतच्या माणसाला चिमटे काढावेत आणि त्याने समंजसपणे हसावं, नाहीतर तो चिडका ठरतो. हा नियम माझ्या आयुष्यात सगळ्यांनी पाळला. तुमच्या प्रयोगशाळेत तो नव्हता, असं मी समजत होते.

परळच्या नाक्यावर मी टॅक्सी थांबवायला सांगितली आणि उतरले.

वर्ष संपल्यावर मी नोकरी सोडली. माटुंग्याच्या एका कॉलेजात जागा होती. तुम्ही शिफारस दिलीत, ती भरभरून दिलीत. निरोप घ्यायला आले तेव्हा म्हणालात, "तिथली टेबलं उंच आहेत, आधीच सांगून ठेव त्यांना." माझ्या टेबलाची काळजी तुम्हांला शेवटपर्यंत होती. माझी का नव्हती, सर? की टेबलाबद्दल बोलणं सोपं होतं?

मग एकदा तुम्ही घरी आलात. त्या दिवशी हरताळ होता, ट्राम-बस सगळं बंद. ठाकूरद्वारहून परळपर्यंत तुम्ही चालत आलात. छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं, हे मला नंतर कळलं. दारात उभे राहिलात तेव्हा तुमचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. आईची तारांबळ उडाली.

"अगो बाय, मास्तर! इतक्या उन्हातून चलत इलात? येवा, बसा, पाणी घेवा."

तुम्ही पाणी प्यालात, चहा प्यालात. आईशी तिच्या गावच्या भाताबद्दल बोललात. राज्य कधी होणार, दिल्ली कशी अडवते, यावर शेजारच्या खोलीतल्या माणसांशी बोललात. मी समोर बसून होते. तुम्ही कशासाठी आलात ते मला कळत होतं, आणि तुम्हांला कळत होतं की मला कळतंय. तुम्ही गॅलरीत गेलात. तिथे पत्र्याच्या डब्यांत माझा वाल होता.

"अजून लावतेस?"

"हो."

"यंदाही नाही वाढला?"

"नाही."

"रस देऊन?"

"माटुंग्याला थोडा मिळतो आता. देऊन."

तुम्ही एक शेंग तोडलीत, अंगठ्याने उकललीत. "दाणा मात्र झकास भरलाय," म्हणालात. दाणे हातात खेळवत बराच वेळ उभे होतात. खाली रस्त्यावरून एक मिरवणूक घोषणा देत गेली. ती गेल्यावर पुन्हा शांत झालं. मला वाटलं, आता.

जिन्याशी तुम्ही वळलात. "कुमुद," म्हणालात.

"काय सर?"

"जिना फार अंधारा आहे गं तुमचा."

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत उतरून गेलात. भर दुपारी एवढ्या लांब चालत येणारा माणूस, आणि एवढंसं वाक्य त्याला उचलवलं नाही. मी कठड्याशी उभी राहून तुमचं टक्कल खाली खाली जाताना पाहिलं. मला तुमची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी संताप आला. तुम्ही मला माफ करायचीसुद्धा संधी दिली नाहीत. मी केलं असतं की नाही, ते मलाही आता कळणार नाही.

आणि मग तुम्ही गेलात. तेही कधी, तर सगळं ठरल्यावर, राज्याचा दिवस समोर दिसत असताना. दिव्यांच्या माळा चढायला लागल्या होत्या. आमच्या चाळीत पोरं पताका कातरत बसली होती, त्यांच्यात बसलेली असतानाच मला निरोप आला. ज्याच्यासाठी अश्रुधूर खाल्लात, पोरांना घरी लपवलंत, वर्गात शब्द घडवलेत, ते बघायला थांबला नाहीत. त्याचाही मला राग आहे. राज्य झालं त्या दिवशी सगळं गिरगाव रस्त्यावर होतं, आणि मी कुणाच्या तरी खांद्यांमधून रोषणाई बघत होते. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, दिसतंय का हो तुम्हांला? दिसत होतं. तुम्हांला सांगायला हवं होतं असंही वाटलं. एवढंही तुम्ही मोकळेपणाने वाटू दिलं नाहीत.

तर कालची सभा. त्या बँकवाल्याचा किस्सा संपला, लोक हसून शांत झाले, आणि अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. शिपाई लगबगीने माइकपाशी खोकं ठेवायला गेला. मी त्याला नको म्हटलं आणि स्टेजवर न चढता खालीच, रांगेच्या पुढे उभी राहिले.

"बाटली संपली नव्हती," मी म्हटलं.

लोकांना वाटलं, मीही विनोदच सांगते आहे. एकदोघे हसले.

"अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. मीच रोज उघडत होते, मला माहीत आहे. आम्ही तो रस एका ठेंगण्या वालाला कितीतरी दिवस दिला आणि तो वाढला नाही. न वाढता फुलला, फळला. सरांना ते ठाऊक होतं. त्या संध्याकाळी त्यांनी ते सांगितलं नाही, कारण टाळ्या गेल्या असत्या. आत्ता तुम्ही ज्यावर हसलात, ते वाक्य खोटं होतं. आणि ते ज्या बाईबद्दल होतं, ती मी आहे. ती त्यांच्या शेजारी उभी होती."

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, ही वेळ आहे का?"

"तीन वर्षं वेळ होती," मी म्हटलं. "तेव्हाही कुणी बोललं नाही."

मग मी हेही सांगितलं की मला नोकरी फक्त तुम्ही दिलीत. टेबलाचं सांगितलं. वाळवीचं सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही. मी जागेवर जाऊन बसले. बँकवाला खाली मान घालून बसला होता. सभा संपल्यावर तो माझ्यापाशी आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि गेला. तुमचाच विद्यार्थी.

काकूंनी मला हाताला धरून तुमच्या घरी नेलं. मला वाटलं, बोलणी बसणार. चाळीस वर्षांची सोबत, पांढरं लुगडं, आणि मी भर सभेत त्यांच्या माणसाला खोटारडा म्हटलं होतं. काकूंनी स्वतः चहा ठेवला. मोरीशी पाठ करून, कप विसळता विसळता म्हणाल्या, "ते व्याख्यान त्यांनी परत कधी दिलं नाही, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"लालबागची मंडळी येऊन गेली, ठाकूरद्वारची आली, माटुंग्याहून माणूस आला. वाटाण्याचं बोला म्हणून सगळ्यांचा आग्रह. हे म्हणायचे, दुसऱ्या कशावर पण बोलेन. मी एकदा खोदून विचारलं. तर म्हणाले, त्या दिवशी मी त्या पोरीला विकलं गं. टाळ्यांसाठी विकलं."

मी कप खाली ठेवला.

"तुमच्याजवळ बोलले हे?"

"हो."

"मग मला का नाही म्हणाले?"

काकूंनी पदराने हात पुसले. "बाई, मी त्यांच्याबरोबर जन्म काढला. चुकलो म्हणून मलासुद्धा कधी म्हणाले नाहीत. तुझ्याबाबतीत म्हणाले, ते पण भिंतीकडे तोंड करून. तुझ्याकडे आले होते ना चालत? आल्यावर मी विचारलं, बोललात का? तर म्हणाले, तिच्या वालाला दाणा फार छान धरलाय."

आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू आलं नाही. मला वाटलं होतं, असं काही कानावर आलं तर माझा राग उतरेल. तो उतरला नाही, सर. तुम्हांला सगळं कळलं होतं. शब्दसुद्धा सापडला होता, माझ्याहून नेमका. तो तुम्ही स्वयंपाकघरात सांगितलात. हरताळाच्या उन्हात छाती धरून तो परळपर्यंत आणलात आणि तसाच परत घेऊन गेलात. काकूंचा तो नव्हता. माझा होता.

तुमच्यामुळे मी उभी राहिले, हेही तितकंच खरं आहे. माटुंग्याला वर्गात पाय ठेवते तेव्हा मुलं आधी जरा चुळबुळतात, आणि मी तुमच्यासारखीच कुठलीही प्रस्तावना न करता विचारते, तणावा म्हणजे खोड की पान? चुळबुळ थांबते. वर्ग तुमच्याकडून मिळालाय, मराठी तुमच्याकडून मिळालीय. ज्याचे एवढे उपकार आहेत त्याच्यावर रागावणं किती दमवतं, ते तुम्हांला कळणार नाही.

आज सकाळी मी वालावरचा लेख पुरा केला. मराठीत. त्या थंडीपासून आजपर्यंत किती वेळा रस दिला, किती कडक दिला, काय झालं, काय नाही झालं, सगळं. का नाही झालं ते मला माहीत नाही, असंही स्वच्छ लिहिलंय. दुपारी तो मासिकाकडे पाठवला. त्यावर दोन नावं आहेत, आधी तुमचं आणि मग माझं. वाचणाऱ्याला वाटेल, शिष्येने गुरूला वाहिलेली ओंजळ. वाटू दे. पहिल्या थेंबापासून तुम्ही तिथे होतात, म्हणून नाव तुमचंही आहे. आणि दादरला ज्याच्याजवळ उभे राहिला नाहीत, त्याच्याजवळ आता उभे राहा, म्हणूनही आहे.

काकूंना विचारलं, त्या घाल म्हणाल्या. तुमची परवानगी नाही. हरकत असेल तर या, समोर बसा, आणि या वेळी मला सांगा.